हे ऐक! हेवी मेटलचा हातोहात प्रवास

सा, तार सप्तकातला सा आणि त्याच्या खालचा तीव्र मध्यम. एवढेच तीन स्वर. १३ फेब्रुवारी १९७० रोजी इंग्लंडमध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम बाजारात आला. सुरुवातीला पावसाची रिपरिप, दूरवर चर्चच्या घंटेचे टोल आणि मग गिटारवर संथ, जडशीळ पावलांनी येणारे हे तीन स्वर. हेवी मेटलचा जन्म कुठे झाला असं विचारलं, तर बहुतेक जाणकार या क्षणाकडे बोट दाखवतात.

तीव्र मध्यम आपल्याला परका नाही. यमन ऐकणाऱ्या कानांना तो रोज संध्याकाळी भेटतो आणि गोड वाटतो, कारण यमनमध्ये तो पंचमाकडे, निषादाकडे वाट काढतो. ब्लॅक सॅबथच्या गिटारवादकाने त्याला कुठेच जाऊ दिलं नाही. एकटा, लोंबकळत, थरथरत ठेवला. जुन्या युरोपीय संगीतशास्त्रात सा आणि तीव्र मध्यमातल्या या अंतराला सैतानाचं नाव जोडलेलं होतं. स्वर तोच, पण शेजारी बदलले की संध्याकाळची आर्तता जाऊन अंगावर काटा येतो. या संगीताचं पहिलं आश्चर्य हेच आहे.

मला त्याहून मोठं आश्चर्य वाटतं ते या संगीताच्या श्रोत्यांचं. दुरून पाहणाऱ्याला काळे टीशर्ट, लांब केस आणि कानठळ्या दिसतात. जवळ गेलं की भेटतात ती अत्यंत जिव्हाळ्याने ऐकवणारी माणसं. एखादा नवखा आला आणि म्हणाला, ‘मला यातलं फारसं कळत नाही, कुठून सुरुवात करू?’ की दहा जण पुढे सरसावतात. आज मी काय ऐकलं, कोणता अल्बम पुन्हा काढला, तू आधी हे ऐक आणि मग ते, अशी देवघेव सुरू होते. इतक्या कर्कश मानल्या गेलेल्या संगीताभोवती इतकं आतिथ्य कसं जमलं? त्याचं उत्तर या संगीताच्या जन्मकथेतच आहे.

पत्र्याच्या कारखान्यातली रेकॉर्ड

ब्लॅक सॅबथचा तो गिटारवादक, टोनी आयोमी, हा बर्मिंगहॅममधला कामगार वस्तीतला मुलगा. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबणारा हात हाच होता. डॉक्टरांनी वादनाची आशा सोडायला सांगितलं. तेव्हा कारखान्यातला त्याचा वरिष्ठ एक रेकॉर्ड घेऊन घरी आला आणि ती ऐकायचा आग्रह धरून बसला. रेकॉर्ड होती जँगो राइनहार्ट या थोर गिटारवादकाची. आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झालेली असताना उरलेल्या दोन बोटांवर तो सगळी सुरावट वाजवत असे.

आयोमीने मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली आणि त्यांवर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे १९७१च्या तिसऱ्या अल्बमसाठी गिटारच्या तारा दीड स्वराने उतरवल्या. तारा ढिल्या झाल्या आणि आवाज आणखी खोल, आणखी जड झाला. जगभरचे बँड आज मुद्दाम ज्या खर्जाच्या मागे लागतात, त्यामागे एका जखमी हाताची सोय आहे. आणि त्याही मागे, ‘हे ऐक’ म्हणत रेकॉर्ड घेऊन दारात आलेला एक माणूस आहे.

गर्जनेच्या आत काय असतं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहात्यासारख्या, वीरभद्राला मानणाऱ्या गावातल्या कानाला मोठा आवाज नवा नाही. संबळ आणि हलगी इथे अंगात भिनलेली असते. तरी मेटल पहिल्यांदा ऐकताना गोंधळ उडतो, कारण आवाजाच्या त्या भिंतीत दार कुठे आहे हे कळत नाही. ते दार भौतिकशास्त्राच्या बाजूने उघडता येतं.

अँप्लिफायरला त्याच्या ताकदीपेक्षा मोठा संकेत दिला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात. गोलसर लहर चौकोनी होऊ लागते आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर जन्माला येतात. एका तारेतून स्वरांची अख्खी गर्दी बाहेर पडते. याला डिस्टॉर्शन म्हणतात. उपस्वरांची अशी श्रीमंती महाराष्ट्राला फार पूर्वीपासून प्रिय आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे घोडीचा माथा इतक्या बारकाईने घासतात की कंप पावणारी तार त्याला सतत स्पर्शत राहते आणि आवाजातून उपस्वरांचा झंकार उठतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी आणि डिस्टॉर्शन यांची यंत्रणा वेगळी, पण साध्या स्वराला दाट करायची ओढ एकच.

साम्य इथेच थांबत नाही. मेटलचा पाया असलेल्या पॉवर कॉर्डमध्ये फक्त सा, प आणि वरचा सा असतो. तंबोराही बहुधा याच स्वरांत जुळवतात. मेटलवाल्यांनी गंधार का वगळला? थोडा हिशोब करून पाहू. सा सेकंदाला १०० कंपनांचा धरला, तर प १५० कंपनांचा. हे दोन स्वर एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या फरकाचा, म्हणजे ५० कंपनांचा, नवा स्वर तयार होतो. तो असतो खालच्या सप्तकातला सा! कुणीही न वाजवलेला खर्ज आपोआप उमटतो. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मात्र शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा, म्हणजे १२५ऐवजी साधारण १२६ कंपनांचा असतो. त्याचा साशी फरक येतो २६. सा ज्या सप्तकात असेल तिथे तो १००, ५० किंवा २५ कंपनांचाच असणार, त्यामुळे हा २६ कुठेच बसत नाही आणि आवाज गढूळ होतो. म्हणून गर्जना स्वच्छ हवी असेल तर सा आणि पंचमच हवेत. ज्याला लोक गोंगाट म्हणतात, त्याच्या तळाशी इतका काटेकोर हिशोब आहे.

आता ताल. डेथ मेटल या उपप्रकारातले वेगवान ड्रमवादक मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत, प्रत्येक मात्रेला चार ठोके देत, दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतात. म्हणजे सेकंदाला १६ ठोके. सेकंदाला साधारण २०च्या पुढे ठोके गेले की आपला कान त्यांना वेगवेगळे ऐकू शकत नाही, त्यांचा सलग स्वर होऊ लागतो. हे वादक तालाच्या अगदी सीमेवर, स्वराच्या उंबरठ्याशी उभे असतात आणि तिथेही लय सोडत नाहीत.

राहिला तो घशातून येणारा घोगरा हुंकार. आपल्या स्वरतंतूंच्या वर पडद्यांची आणखी एक जोडी असते. एरवी बोलता-गाताना ती स्वस्थ असते. हे गायक तिलाही कंप पावायला लावतात. तिबेटी भिक्षूंच्या खोल खर्जातल्या मंत्रपठणातही हेच पडदे कामाला लागतात. तंत्र न शिकता हा आवाज काढला तर गळा दुखावतो. म्हणून चांगला गायक त्यासाठी श्वासाचा रियाज करतो.

एवढं सगळं एकाच वेळी कानावर आदळतं, तेव्हा पहिल्या ऐकण्यात ते वेगळं करता येत नाही. कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं: आधी फक्त ड्रम ऐक, आता डाव्या कानातली गिटार पकड, हा तुकडा पुढे पुन्हा येणार आहे तिथे लक्ष ठेव. चार-पाच वेळा ऐकल्यावर भिंतीच्या विटा दिसू लागतात. ज्याला हे एकदा दिसलं, त्याला ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय राहवत नाही. मेटलच्या श्रोत्यांचं आतिथ्य मला इथून आलेलं दिसतं. ऐकायला शिकावं लागणाऱ्या संगीताने आपल्या प्रत्येक श्रोत्याला शिकवणारा करून टाकलं.

पाकिटातून फिरलेल्या कॅसेट

रेडिओवर या संगीताला फारशी जागा नव्हती आणि मोठ्या कंपन्यांना नव्या बँडमध्ये रस नव्हता. म्हणून १९८०च्या दशकात श्रोत्यांनी स्वतःचीच टपालव्यवस्था उभी केली. लॉस एंजेलिसमधला मुलगा स्वीडनमधल्या मुलाला कॅसेट पाठवी, तो तिच्यावरून प्रती काढून जर्मनीला आणि ब्राझीलला धाडी. प्रतीची प्रत काढताना दर वेळी सूं-सूं आवाज वाढत जाई, तरी लोक कान देऊन ऐकत. टपालखर्च परवडावा म्हणून काही जण तिकिटांवर गोंदाचा पातळ थर देत. मग शिक्क्याची शाई धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरता येई. ही टपालखात्याची फसवणूकच होती, पण त्या मुलांना ऐकण्याची किती तहान लागली होती हेही तिच्यातून कळतं.

मेटॅलिका हा आज जगातला सर्वांत मोठा मेटल बँड. १९८२ साली त्यांच्याकडे सात गाण्यांची एक साधी नमुना-कॅसेट होती. ती अशीच हातोहात फिरत अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीच्या बाजारात रेकॉर्डचं दुकान मांडणाऱ्या जॉन झझुला यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी या अनोळखी मुलांना बोलावून घेतलं. कोणतीही कंपनी अल्बम काढायला तयार होईना, तेव्हा झझुला आणि त्यांच्या पत्नी मार्शा यांनी स्वतःचीच कंपनी काढली आणि जुलै १९८३मध्ये मेटॅलिकाचा पहिला अल्बम आणला. पुढे कोट्यवधी प्रती विकणाऱ्या या बँडची पहिली जाहिरात श्रोत्यांनी स्वखर्चाने, एकमेकांच्या पत्त्यावर केली होती.

धोबी तलावचं अंगण

महाराष्ट्रात या श्रोत्यांना एकत्र आणलं ते मुंबईने. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला आणि धोबी तलावाजवळचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह रॉक आणि मेटलचं अंगण झालं. कॉलेजच्या पोरांनी उभे केलेले बँड तिथे वाजवत आणि श्रोत्यांच्या गर्दीत उद्याचे वादक उभे असत. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवन सुटलं. तोवर तिथे एक पिढी ऐकायला शिकली होती.

त्या काळात परदेशी अल्बम मिळणं अवघड आणि महाग. काळा घोड्याच्या ‘रिदम हाउस’सारख्या दुकानात एकाने घेतलेली कॅसेट मित्रमंडळींत फिरून झिजायची. अशा ऐकण्यातून वाजवणारे तयार झाले. २००० साली साहिल माखिजा यांनी मुंबईत ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड उभा केला. मेटल नीट ध्वनिमुद्रित करून देणारं फारसं कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वतःचा स्टुडिओ आणि रेकॉर्ड कंपनी सुरू केली आणि इतर बँडनाही वाट करून दिली. २०१० साली हा बँड नॉर्वेच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात वाजवून आला. २०१७चा त्यांचा अल्बम आहे ‘दशावतार’. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह अशी एकेका अवतारावर एकेक रचना. नरसिंहाच्या गोष्टी लहानपणी ऐकलेल्या मराठी माणसाला त्या गर्जनेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मुंबईतूनच ‘भयानक मौत’, ‘झिग्नेमा’, ‘गटस्लिट’ असे बँड पुढे आले.

१ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ या इंग्लिश बँडने आपला जागतिक दौरा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. वादक, सामान आणि सगळा लवाजमा एकाच बोइंग ७५७ विमानात होता आणि ते विमान चालवत होता बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन. तो प्रशिक्षित वैमानिक. स्वतःच्या विमानाने आपल्या श्रोत्यांकडे उतरणारा गायक दुसऱ्या कुठल्या संगीतात सापडेल, मला ठाऊक नाही.

धक्काबुक्कीचा नियम

अशा मैफलीत मंचासमोर एक मोकळं रिंगण तयार होतं. त्याला मॉश पिट म्हणतात. त्यात लोक एकमेकांवर धडकतात, उडतात, पडतात. हे पाहून पालकांनी घाबरणं स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे जेसी सिल्व्हरबर्ग, जेम्स सेथना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रिंगणांच्या चित्रफिती तपासल्या. २०१३ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या भौतिकशास्त्राच्या मान्यवर नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष छापून आला: मॉश पिटमधल्या माणसांच्या वेगांची वाटणी बंद डब्यातल्या वायूच्या रेणूंसारखीच असते. काही वेळा हाच जमाव आपोआप गोल फिरू लागतो आणि ही बहुतेक वर्तुळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात.

रेणूंना नसलेला एक नियम मात्र या माणसांना आहे. कुणी पडला की आसपासचे सगळे थांबतात, त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभा करतात आणि मगच पुन्हा सुरू होतं. हा नियम कुठे लिहिलेला नसतो. जुने श्रोते नवख्याला आत येण्याआधी तो सांगतात. नवख्याच्या स्वागताचा हाही एक भाग.

हे संगीत ऐकून संताप वाढतो का, या शंकेचंही थोडं उत्तर संशोधनात आहे. २०१५ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात लीह शर्मन आणि जिनेव्हीव्ह डिंगल यांनी हे संगीत ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी रागावायला लावलं आणि मग काहींना त्यांचं आवडतं मेटल ऐकू दिलं, काहींना शांत बसवलं. संगीताने राग भडकला नाही. ऐकणाऱ्यांना उलट उत्साह आणि उमेद वाटली. प्रयोग छोटा आहे, त्यातून सगळ्यांबद्दल बोलता येणार नाही, पण या संगीताने मुलं बिघडतात असं ठामपणे म्हणणाऱ्यांनी त्याकडे जरूर पाहावं.

गाव लहान, आवाज मोठा

राहात्यापासून मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर. पेरूच्या बागांच्या या गावातल्या मुलाला किंवा मुलीला वाटू शकतं की हे सगळं महानगरांचं प्रकरण आहे. मेटलचा नकाशा पाहिला तर तसं दिसत नाही. जगातला सर्वांत प्रसिद्ध मेटल महोत्सव उत्तर जर्मनीतल्या वाकेन नावाच्या, जेमतेम दोन हजार वस्तीच्या शेतकरी गावात भरतो. १९९० साली पहिल्या वर्षी सुमारे ८०० लोक आले होते. आता दर उन्हाळ्यात पाऊण लाखाहून अधिक येतात. त्या काळ्या टीशर्टांच्या गर्दीपुढे गावच्या अग्निशमन दलाचं वाद्यपथकही वाजवतं आणि त्यालाही जोरदार दाद मिळते.

दुसरं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. इंडोनेशियात पश्चिम जावा प्रांतात गारुत नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या एका ग्रामीण मदरशातले शिक्षक एर्झा सातिया यांच्या लॅपटॉपवर तीन विद्यार्थिनींना ‘सिस्टम ऑफ अ डाउन’ या बँडची गाणी ऐकायला मिळाली आणि त्या भारावून गेल्या. मार्स्या, विडी आणि सिती यांनी २०१४ साली ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हा बँड उभा केला. हिजाब घालून मेटल वाजवणाऱ्या या मुलींना घरून, गावातून बराच विरोध झाला. २०२४ साली त्या इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवणारा पहिला इंडोनेशियन बँड ठरल्या. बर्मिंगहॅमच्या वरिष्ठाने घरी नेलेली रेकॉर्ड, न्यू जर्सीला पोचलेली कॅसेट आणि गारुतचा लॅपटॉप या एकाच माळेतल्या गोष्टी आहेत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कुणाला तरी ऐकवलं आणि तिथून पुढे काहीतरी जन्माला आलं.

सुरुवात कुठून करावी

राहात्यातल्या नवख्या श्रोत्याला कॅसेटची वाट पाहावी लागत नाही. सगळं संगीत फोनमध्ये आहे आणि नेमकी हीच अडचण आहे. हजारो बँडमधून पहिलं गाणं कोणतं? म्हणून ऐकवणाऱ्या माणसाची गरज आज जास्त आहे. मीही इथे तेवढंच करतो.

सुरावट आवडत असेल, तर आयर्न मेडनपासून सुरू करा. त्यांच्या दोन गिटार एकमेकींच्या सुरात सूर मिसळून गातात. १९८४च्या ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बममध्ये इंग्रज कवी कोलरिजच्या प्राचीन खलाशावरच्या कवितेवर आधारलेली तेरा मिनिटांहून मोठी रचना आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनी ती वर्गात ऐकवावी, इतकी ती चित्रमय आहे. ताल आणि बांधणी आवडत असेल, तर मेटॅलिकाचा १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ घ्या. त्याच नावाच्या गाण्यात वेग मध्येच थांबतो, एक हळवा तुकडा येतो आणि पुन्हा वादळ उठतं. ढोल आवडत असेल, तर दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’चा २०२२चा ‘रक्षक’ ऐका, तिथे ढोल आणि गिटार खांद्याला खांदा लावून उभे आहेत. विलंबित लयीची सवय असलेल्यांना ब्लॅक सॅबथ सर्वांत लवकर भेटेल. कथेची ओढ असेल तर ‘दशावतार’. घोगरा आवाज लगेच पचला नाही तर तो सोडून द्या, वाद्यं ऐका. कान तयार झाला की तो आवाजही वाद्यासारखा ऐकू येतो.

एक काळजी मात्र घ्या. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहणं कानाला धोक्याचं आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम पाव तास उरते. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा, मैफलीला जाताना कानात बोळे घाला. जाणते श्रोते आणि वादकही ते घालतात, कारण त्यांना हे संगीत साठाव्या वर्षीही ऐकायचं असतं.

यातलं एखादं गाणं मनात रुतलं, तर पुढचं काम तुमचं आहे. भजनी मंडळात पखवाज वाजवणारा मित्र, ढोलपथकातली मैत्रीण, रात्रपाळीला जाणारा भाऊ, कुणीही चालेल. आधी त्याला काय आवडतं ते विचारा, त्याच्या आवडीच्या सर्वांत जवळचं गाणं निवडा, आणि ते वाजत असताना कुठे कान द्यायचा हे शेजारी बसून सांगा.